शिरासकट आलेला कॅरिबू

वर्नाच्या एप्रनच्या खिशात दोन वस्तू कायम असत. एक मांसात खुपसायचा थर्मामीटर आणि दुसरी पेन्सिलीचं थोटूक. अलास्काच्या या टोकाला, समुद्रकाठच्या आमच्या गावात, हिवाळ्यात पेनातली शाई गोठते. पेन्सिल गोठत नाही. वृद्धनिवासाच्या मागच्या दाराशी शिकारी मांस घेऊन आला की ती थर्मामीटर खुपसायची, आकडा मोठ्यानं वाचायची आणि मग उभ्याउभ्याच वहीत लिहायची. काय आणलं, कोणी मारलं, कुठे, कधी. अठ्ठावन्न वर्षांची बाई, बुटकी, चालताना डावीकडे किंचित झुकणारी. तिच्या वहीत खाडाखोड नव्हती.

दान आलेलं मांस सरकारी स्वयंपाकघरात शिजवायचे नियम तिला तोंडपाठ होते. जनावर निरोगी हवं. आतडी काढलेलं हवं, पण त्यापुढे अखंड, नाहीतर फार तर चार भाग केलेलं. घरी बारीक तुकडे केलेलं चालत नाही. ठेवायचं वेगळ्या शीतगृहात, चिठ्ठी लावून. कापायचं तेव्हा दुसरा स्वयंपाक बंद हवा. म्हणून या घरात कापाकापी फक्त शनिवारी, आधी आणि नंतर ओटे धुऊन. सीलचं तेल नाही, वॉलरस नाही, अस्वल नाही, आंबवलेलं काही नाही.

बाहेरगावच्या माणसाला हे जाचक वाटलं असतं. वर्नाला तसं वाटत नसे, आणि त्याला कारण तिची आई होती. आईचा शेवटचा हिवाळा याच घरात गेला. तेव्हा दान घ्यायची परवानगीच नव्हती आणि नातेवाइकांनाही घरचं काही आत आणू देत नसत. आईनं कॅरिबूचा, इकडच्या मोठ्या रानहरणाचा, रस्सा मागितला. वर्ना तेव्हा इथे भांडी घासायला होती. तिनं आईला पाकिटातल्या शेवयांचं सूप दिलं. आईनं ते सगळं घेतलं, वाडगा खाली ठेवला आणि म्हणाली, "गरम आहे." चव कशी आहे ते म्हणाली नाही. तेरा वर्षं झाली, तरी वाडगा टेबलावर टेकल्याचा आवाज आला की वर्नाचं लक्ष नकळत तिकडे जाई. पुढे परवानगीसाठी तिनंच चार वर्षं अर्ज केले, आणि ती आल्यावर वही स्वतःच्या हातात ठेवली.

त्या नोव्हेंबरात कॅरिबूंचे कळप फार उशिरा उतरले. दोन महिने शीतगृहात नुसते मासे होते. म्हणून बुधवारी सकाळी शिकारी लायनेलची बर्फगाडी मागच्या दाराशी थांबली तेव्हा वर्ना टोपी न घालताच बाहेर आली.

"आलास बाबा! काय आणलंस?"

"अगोदर हे सांग, आज परत पाठवणार नाहीस ना?" लायनेलनं घसरगाडीवरची ताडपत्री थोपटली. चौतिसाचा असेल, भुवयांवर हिम बसून म्हाताऱ्यासारखा दिसत होता. "मागच्या वर्षी माझ्या बायकोनं इतके सुंदर तुकडे केले होते, तर म्हणालीस, सुरी जास्त लागलीय."

"नियम माझा आहे का?"

"तुझा नाही, पण तुझ्या तोंडी शोभतो. यंदा नुसती आतडी काढलीत. त्यापुढे सुरी लावलेली नाही. आता काढ खोट!"

ती हसली. ताडपत्रीची मागची बाजू उचलून तिनं मांडीत थर्मामीटर खुपसला, आकडा वाचला. स्वयंपाकघरात दूध उतू जात होतं म्हणून कोणीतरी हाक मारत होतं. दोघांनी मिळून ओझं ताडपत्रीसकट शीतगृहात सरकवलं. लायनेलनं वहीत सही केली.

"नदीच्या वरच्या वळणाशी अजून पाच-सहा आहेत. एक घरासाठी आणतो. उद्या दुपारपर्यंत परत येईन. माझ्या धाकट्याला सांग, मी आलो होतो."

त्याचा हा धाकटा म्हणजे सत्त्याऐंशी वर्षांचे एल्मर ताता; आमच्याकडे ताता म्हणजे आजोबा. तातांचा थोरला भाऊ उयागाक तरुणपणी गेला. खूप वर्षांनी लायनेल जन्मला तेव्हा त्याला ते नाव दिलं, आणि आमच्याकडे नाव मिळालं की नातंही मिळतं. लायनेल रांगत होता तेव्हापासून ताता त्याला दादा म्हणत आले. पहिले हातमोजे त्यांनीच शिवून दिले. लायनेल चिडवायचा, "धाकट्या, मोठ्या भावासमोर असा बसतोस?" की ताता खुर्चीत सावरून बसायचे आणि पोट धरून हसायचे.

दुपारी चिठ्ठी बांधायला वर्ना शीतगृहात गेली. तिनं ताडपत्री पुढून उलगडली आणि चिठ्ठीचा दोरा तिच्या हातातच राहिला. कॅरिबूला शिर होतं. मान तशीच, डोळे उघडे, पापण्यांवर बारीक हिम. ती ज्या बाजूला उभी होती त्याच बाजूला ते डोळे बघत होते.

आमच्या गावात हे सांगावं लागत नाही. जनावर पडलं की शिकारी पहिल्यांदा मानेचा सांधा सोडवतो. मग आतला जीव मोकळा होतो, आपल्या माणसांकडे परत जातो आणि नवं अंग घालून येतो. मान तशीच राहिली तर तो आत कोंडला जातो. आणि कोंडलेला जीव मारणाऱ्याची वाट सोडत नाही, असं म्हणतात. वर्ना रविवारी चर्चला जाणारी बाई, पण तिनंही कधी मान न सोडवलेलं जनावर घरात येऊ दिलं नव्हतं. लायनेलनं सुरी आवरली ती तिच्याच मागच्या वर्षीच्या बोलण्यावरून, हे तिला तिथेच कळलं.

शनिवारपर्यंत तीन दिवस होते.

जेवणाच्या खोलीत एल्मर ताता खिडकीपाशी वाट बघत बसले होते. कॅरिबू आल्याची बातमी वासासारखी आधीच पोचली होती.

"दादा येऊन गेला म्हणे. मान कुठल्या सांध्यावर सोडवलीय? तो जरा वर सोडवतो, मी सांगितलंय त्याला, इतकं वर नको."

हा प्रश्न ते प्रत्येक कॅरिबूला विचारत. वर्नाला खोटं बोलता आलं असतं. तिनं फक्त एप्रनला हात पुसले.

"पोरी?"

"सोडवलेली नाही, ताता."

त्यांचा चेहरा हळूहळू रिकामा होत गेला. "आणि तो कुठे आहे?"

"वरच्या वळणाला गेलाय. दुसऱ्या जनावरासाठी."

 मग अगदी हळू, जणू कोणी ऐकेल म्हणून, ते सांगू लागले. तेव्हा ते सतरा वर्षांचे होते. उयागाकनं कॅरिबू पाडला आणि वारा फिरला. उयागाक म्हणाला, मान घरी जाऊन सोडवू, तू कुत्री घेऊन हो पुढे, मी अजून एक बघून येतो. "मी आणला तो घरी. शिरासकट. ओसरीत ठेवला आणि झोपलो. दमलो होतो गं मी. आईनं तिसऱ्या दिवशी पाहिलं. सुरी घेऊन धावली, पण तिसरा दिवस म्हणजे… त्याच्या पावलांच्या खुणा सापडल्या होत्या. गोल. एकाच जागेभोवती गोल गोल. मधे मधे खुरांच्या. तो नाही सापडला." त्यांनी वर्नाचं मनगट धरलं. "वळणही तेच आहे गं. वरचंच."

बाहेर वारा पूर्वेकडे वळला होता. खिडकीतून सकाळी दिसणारी तेलाची टाकी आता उडणाऱ्या बर्फात दिसत नव्हती.

वर्नानं बिनतारीवरून लायनेलला हाक मारली. खरखर. पुन्हा मारली. त्याच्या घरून बायकोच्याही हाका चालू होत्या. त्याचं उत्तर कुणालाच येत नव्हतं.

त्या दुपारी कुणी नीट जेवलं नाही. टेबलावर नऊ म्हातारी माणसं हात मांडीवर ठेवून बसली होती, आणि त्या शांततेत तो आवाज आला. टिक. टिक. टिक. कॅरिबू चालतो तेव्हा पावलातली शीर हाडावरून सरकते आणि असाच आवाज होतो. कळप जवळून जाताना ज्यानं ऐकलंय तो विसरत नाही. आवाज ओसरीच्या बाजूनं येऊन शीतगृहाच्या भिंतीकडे गेला, थांबला आणि परत फिरला.

"नळी आहे," परिचारिका लिगाया म्हणाली. ती फिलिपाइन्सची, इथे आली त्याला नऊ वर्षं झालेली. "गरम पाण्याची नळी वाजते ती. हो ना, वर्ना?"

वर्ना उठून नळीपाशी गेली आणि हात लावला. नळी थंड होती. ती जुनी, बंद केलेली होती. ती परत आली तेव्हा लिगायानं तिच्याकडे बघितलं आणि गळ्यातला क्रूस मुठीत धरला. "मी काही विचारत नाही बाई," ती म्हणाली.

स्वयंपाकघरात वर्नानं नियमांचा कागद उघडला. शीतगृहातल्या जनावराला बुधवारी सुरी लावली तर ते नियमाबाहेर झालं असतं. वसंतात कुणाच्या तरी उशाखाली सीलच्या तेलाची बाटली सापडली होती आणि तेव्हा लेखी ताकीद आली होती. आता दुसरी चूक म्हणजे परवानगी रद्द. मग पुन्हा पाकिटं, पुन्हा शेवया. आणि चोरून कापून वहीत शनिवार लिहिणं तिला जमणार नव्हतं. त्या वहीवरच तर सगळं उभं होतं.

तिनं कागद चार वेळा वाचला. कुठेही मानेबद्दल शब्द नव्हता. मग तिनं वही उघडली आणि तिची नजर कडेच्या, आजवर एकदाही न भरलेल्या रकान्यांवर गेली. दान परत. कोणाला. नातं. कारण. खाली बारीक अक्षरात होतं, परत केलेलं दान पुन्हा घेता येणार नाही.

ती तशीच तातांकडे गेली. "ताता, मी तो कॅरिबू परत करतेय. देणारा इथे नाही, म्हणून त्याच्या माणसाला. मग सुरी लावायला नियम आड येत नाही. सही कराल?"

"परत?" ताता म्हणाले. त्यांनी टेबलाकडे, बाकीच्या आठ जणांकडे पाहिलं. दोन महिने ही माणसं मासे खात होती.

टेबलाच्या टोकाची एक म्हातारी, जी सहसा कुणाशी बोलत नसे, ती म्हणाली, "एल्मर, सही कर. तुला हात आहेत ना अजून?"

नात्याच्या रकान्यात वर्नानं लिहिलं: धाकटा भाऊ. कारणाचा रकाना तिनं तसाच ठेवला.

तातांना दोन कांबळ्यांत गुंडाळून चाकाच्या खुर्चीत मागच्या दारानं बाहेर आणलं. वाऱ्यानं खुर्ची हलत होती. लिगाया ती मागून धरून उभी राहिली. वर्नानं कॅरिबू ताडपत्रीसकट ओढत आणला, घराच्या पायरीपासून दूर, उघड्या बर्फावर. शिकाऱ्याची सुरी तातांचीच होती, उशाशी गुंडाळून ठेवलेली. वर्ना त्यांच्या शेजारी गुडघे टेकून बसली. त्यांची बोटं केसांमधून मानेवर फिरली आणि सांध्यावर बरोबर थांबली.

"इथे. वर नको. इथे."

तिनं त्यांच्या हातावर हात ठेवून जोर दिला. वरचं कातडं ताठ झालं होतं, आत अजून गोठलेलं नव्हतं. सांधा एका छोट्या आवाजानं सुटला. ताता वाकून त्या जनावराच्या कानाशी काही बोलले. वर्नाला ते ऐकू आलं असतं, पण तिनं मुद्दाम मान फिरवली.

लायनेलची बायको येऊन मांस घेऊन गेली. ती रडत नव्हती. "तुम्ही केलंत ना? बरं झालं," एवढंच म्हणाली.

गुरुवारी दुपारी म्हाताऱ्यांना डब्यातली कोंबडी होती. कुणी तक्रार केली नाही. टेबलाच्या टोकाच्या त्या म्हातारीनं एक घास घेतला आणि वर्नाकडे बघून म्हणाली, "गरम आहे." वर्ना घाईनं स्वयंपाकघरात गेली आणि नळ सोडून थोडा वेळ उभी राहिली.

वारा पडला तेव्हा उजेड संपत आला होता. गाडीचा आवाज आधी तातांना ऐकू आला. मागचं दार उघडलं आणि लायनेल आत आला, गाल काळेनिळे, हात रिकामे.

वर्नानं त्याच्या छातीवर मूठ मारली. "मूर्खा! शिरासकट आणतात?"

"तूच म्हणालीस ना, सुरी नको. वाटलं, तू दारातच सोडवशील." त्याचे ओठ नीट हलत नव्हते. "तू आमचीच ना."

 तिनं त्याच्या हातात गरम पाण्याचा पेला दिला.

"काल काहीच दिसत नव्हतं," तो म्हणाला. "सरळ चाललो होतो, शपथेवर सांगतो. आणि तीनदा माझाच माग पुढे आला. माझा आणि खुरांचा. मग एकाएकी ते खूर गोलातून बाहेर पडले आणि सरळ खाली नदीकडे गेले. मी त्यांच्या मागावर गाडी घातली. बर्फाच्या कपारीशी रात्र काढली, सकाळी पुन्हा त्याच खुणा."

"किती वाजता बाहेर पडले?" लिगायानं विचारलं.

वर्ना म्हणाली, "नको विचारूस."

तिनं वही काढली. पेन्सिलीचं थोटूक जिभेला लावलं आणि कारणाच्या रकान्यात लिहिलं: मान सोडवलेली नव्हती. तपासनीस वाचेल, त्याला कळणार नाही, तो विचारेल. तेव्हा ती सांगणार होती.

लायनेल तातांच्या खुर्चीसमोर जाऊन बसला. "काय धाकट्या? मोठ्या भावासाठी रडलास की काय?"

ताता हसले नाहीत. त्यांनी त्याच्या गालावर हात ठेवला, गाल खरा आहे की नाही ते बघावं तसा. मग त्यांची नजर त्याच्या खांद्यावरून मागच्या दाराकडे गेली आणि तिथेच राहिली.

"एकटाच आलास?"

"एकटाच."

"दोघांचे माग होते म्हणालास."

"माझा आणि खुरांचा, धाकट्या. माणसाचा नव्हता."

 ताता म्हणाले, "वर्ना, ते दार जरा उघडंच ठेव गं. सत्तर वर्षं झाली त्याला बाहेर."

या घरात दारं उघडी ठेवणाऱ्यावर वर्ना सगळ्यांत आधी ओरडायची. ती उठली. दाराखाली तिनं लाकडाची पाचर सरकवली, तातांच्या अंगावर आणखी एक कांबळं घातलं आणि आत येणाऱ्या थंडीत त्यांच्या शेजारी खुर्ची ओढून बसली.