बारसेदादांची फाइल

बारसेदादांना नम्रतेची बाधा कधी झाली नाही. उधन्यात त्यांच्या घराच्या खालच्या खोलीत आमची कचेरी होती; यंत्रमाग कारखान्यांसाठी आम्ही सॉफ्टवेअर लिहीत असू. शेजारच्या मागांची खटखट भिंतीतून आत येई, सुताला लावायच्या कांजीचा आंबूस वास चहाच्या कपापर्यंत पोहोचे, आणि अशा मंगल वातावरणात दादा आपल्या फाइलींची बारशी करत.

नाव एका शब्दाचे आणि भारदस्त हवे, हा त्यांचा दंडक. 'मॅथ', 'स्ट्रिंग', 'टाइम'. ही नावे संगणकाच्या मूळ फाइलींनी फार पूर्वीच घेतली आहेत, असे मी सांगितले की ते माझ्याकडे कनवाळूपणे पाहत. "ताई, तुम्ही कविता शिकलेल्या. नावाला वजन लागतं, हे मी सांगायचं?"

बमरोलीच्या मिलचे काम सुरू व्हायचे त्या दिवशी ते वजन आमच्यावर पडले. बिल्ड करताना, म्हणजे सगळ्या फाइली जुळवून प्रोग्राम तयार करताना, यंत्र मूळ 'टाइम'ऐवजी दादांची 'टाइम' उचले आणि पडद्यावर चुकांची लाल रांग लागे. संध्याकाळपर्यंत प्रोग्राम चालला नाही तर शेठ काम काढून घेणार होते, आणि दुसरे काम आमच्याकडे नव्हते. दादांनी शास्त्रशुद्ध उपाय केले: संगणक बंद करून चालू केला, वायर हलवली, यंत्राच्या अकलेबद्दल हिंदी, गुजराती आणि अहिराणीत खेद व्यक्त केला. नाव बदला, असे मी सुचवले. थोरांनी ठेवलेले नाव बदलत नसतात, असे उत्तर आले. थोर म्हणजे ते स्वतः.

चहा घेऊन आलेल्या वहिनी दारातच थांबल्या. माहेरी त्यांचे नाव सुमन; त्या लग्न होऊन आल्या तेव्हा थोरल्या जाऊबाईही सुमनच. म्हणून दादांनी ताटातल्या तांदळांत अंगठीने 'वैशाली' लिहिले होते.

"घरात एक सुमन आधीच होती, तर माझं नाव एका सकाळीत गेलं," त्या शांतपणे म्हणाल्या. "तुमच्या फाइलीला काय धाड भरलीय?"

दादांनी कीबोर्ड जवळ ओढला. मग 'टाइम' पुसून त्यांनी टंकले: 'सुमन'. बिल्ड पहिल्याच फटक्यात पार पडला, मिलचे काम वाचले. यंत्राला अक्कल आल्याचे श्रेय दादांनी अर्थातच विनातक्रार स्वीकारले.

पुढे काही वर्षांनी गुडघ्यांनी दगा दिल्यावर दोघे धुळ्याकडे गावी परतायला निघाले. दादा रिक्षावाल्याला सामान रचण्याचे शास्त्र समजावत होते. वहिनींनी मला जवळ ओढले. त्यांच्या पदराला आल्याचा वास होता. माहेरच्या माणसाची चौकशी करावी तसे त्यांनी हळूच विचारले, "सुमन चालते ना अजून?"

"रोज," मी म्हटले.