पाठीमागच्या नाड्या

जर्मनीतल्या रेगेन्सबर्गमधील त्या उन्हाळ्यात मला एका जागी बसवत नव्हते. मुलगा मोटारींच्या कारखान्यात इंजिनिअर, सून विद्यापीठात संशोधक. घर तिसऱ्या मजल्यावर. चार वर्षे त्या गल्लीत राहूनही सुनेची शेजाऱ्यांशी ओळख नमस्कारापलीकडे गेली नव्हती. त्यामुळे खालच्या मजल्यावरच्या वृद्ध बाईंनी बेल वाजवून गल्लीच्या मिरवणुकीचे आमंत्रण दिले, तेव्हा तिने लगेच हो म्हटले. आपल्यालाही गल्लीतले धरावे, एवढीच तिची इच्छा होती.

मिरवणूक एकोणिसाव्या शतकातील पोशाखांची होती. सुनेच्या वाट्याला आला राखाडी सुती झगा, वर पांढरी टोपी. मोलकरणीचा पोशाख.

"एवढी डॉक्टरेट केली पोरीने, आणि ही भांडी घासणारी?" माझ्या पत्नीने विचारले.

"अहो आई, खालच्या आजीही तोच घालतात. त्यांच्या शेजारी चालायचंय मला."

"माझ्या ऑफिसातले लोक येणार आहेत बघायला," मुलगा म्हणाला.

"येऊ देत की."

मुलाने तिला न विचारता मिरवणूक काढणाऱ्या मंडळाच्या प्रमुखांना फोन केला. दुसऱ्या दिवशी भलामोठा खोका आला. त्यात निळा रेशमी झगा, त्याला फुगवणारा पोलादी कड्यांचा सांगाडा आणि नाड्यांनी आवळायची कंबरचोळी. राखाडी झगा तोवर दुसऱ्या बाईला देऊन झाला होता. निळा घालायचा किंवा घरी बसायचे.

"तुला कुणी मधे पडायला सांगितलं होतं?" सुनेने नवऱ्याला विचारले.

"आल्झो... बरं, घालून तर बघ."

त्यानंतर दोघे फक्त मुलीमार्फत बोलत. आजोबांना कॉफी हवी का, हेही नात आईचा निरोप घेऊन बापाला जर्मनमध्ये विचारून येई.

मी आयुष्यभर शाळेत इतिहास शिकवला. ते शतक मी तह आणि कायदे यांवरून शिकवले. बाई काय नेसत होती, हे त्यात आले नाही. वास्तविक आमच्याकडेही लुगडे घोट्यापर्यंत आहे की गुडघ्यापर्यंत खोचलेले, यावरून ती कोणत्या घरची हे लांबून कळे. ज्या बाईला काम करायचे असे, तिला पाय मोकळे लागत. हे मला ठाऊक होते. पण मुलाच्या संसारात बोलणे मला पसंत नाही.

मिरवणुकीच्या सकाळी खालच्या बाई राखाडी झग्यात वर आल्या आणि सुनेच्या पाठीमागे उभ्या राहून नाड्या आवळू लागल्या. मी पॅसेजमध्ये येरझारा घालत होतो. आतून सुनेचा आवाज आला, "बाबा, आजी म्हणतात, नाड्या पाठीमागे असतात, कारण घालणारीने स्वतः घालायचा नसतोच हा, मोलकरणीने चढवायचा." त्यानंतर दोघी हसल्या. खालच्या बाई थोड्या कमी हसल्या.

मिरवणुकीत निळ्या झग्यांच्या बायका पुढे, उंच टोप्यांच्या पुरुषांबरोबर होत्या. राखाडी झग्यांच्या बायका मागे, टोपल्या घेऊन, मोठमोठ्याने गात. सुनेच्या झग्याचा घेर एवढा की हातभर अंतरात कोणी येऊ शकत नव्हते. पर्यटक मात्र फोटोसाठी सारखे तिलाच थांबवत. एका उंच टोपीवाल्याने तिला विचारले, तुम्ही तुमच्या देशात राजघराण्यातल्या का? तिने नंतर मला उत्तर सांगितले: "म्हटलं, नाही, इथलीच. तिसऱ्या मजल्यावरची."

मिरवणूक संपल्यावर रस्त्यात लांब टेबले मांडली गेली. राखाडी बायका एका टेबलाला दाटीने बसल्या. टेबल आणि बाक यांमध्ये सुनेचा घेर मावेना. ती हातात पेला धरून उभी राहिली. त्यांचे विनोद ती ऐके आणि हसे, इतरांनंतर जरासे. पत्नी नातीला घेऊन घरी गेली होती. मुलगा पलीकडे कॅमेरा घेऊन.

ती माझ्याकडे आली. "बाबा, हे सोडवायचंय. माझा हात पोचत नाही."

"त्याला बोलावतो."

"त्याला नको."

सुनेच्या पाठीच्या नाड्या सासऱ्याने सोडायच्या, ही कल्पनाही मला करवेना. मी त्या टेबलाकडे गेलो. मला जर्मन येत नव्हते. "बिट्टे", म्हणजे कृपया, एवढेच म्हणालो आणि तिच्याकडे बोट दाखवले. खालच्या बाईंनी माझ्याकडे पाहिले, तिच्याकडे पाहिले आणि तोंडातला घास संपवून उठल्या. आणखी दोघी निघाल्या. चौघी समोरच्या दारात शिरल्या.

सून बाहेर आली ती पांढऱ्या परकरात आणि सैल सदऱ्यात. खांद्यावर कोणाची तरी शाल. सांगाडा आतच राहिला होता. बाकावरच्या बायका सरकल्या. ती बसली.

मुलगा धावत आला. "अगं, हे आतले कपडे आहेत."

"गेनाऊ. अगदी बरोबर," ती म्हणाली. "पाव दे इकडे."

टेबलावर हशा पिकला. मराठी न कळताही. त्याने पावाची टोपली पुढे केली. खालच्या बाईंनी बाकावर थाप मारून मला बसण्याची खूण केली. मी मानेनेच नको म्हटले, आणि उभाच राहिलो.