लॅमिनेट केलेली चिठ्ठी

तू व्हिडिओ कॉलवर सहज बोलून गेलीस, परीक्षेच्या दिवसांत जागायला रूममेटची गोळी घेतेस. "तिला डॉक्टरांनीच दिलीये गं आजी." तुझे बाबा मला म्हणाले, "मी समजावतो तिला, तू तुझं काही लिहू नकोस." म्हणून मी माझंच लिहिते आहे. तुझ्या धाकट्या भावालाही वाचायला दे.

तुमचे आजोबा गेले तेव्हा डॉक्टरांनी मला झोपेच्या गोळ्या दिल्या, पंधरा दिवसांसाठी. माझ्या घरात कागद चुरगळत नाही, हे तुम्हाला माहीत आहे. डॉक्टरांची चिठ्ठी घडीवर फाटू लागली, तशी मी गंगापूर रोडवरच्या झेरॉक्सवाल्याकडून ती लॅमिनेट करून घेतली. त्या प्लॅस्टिकवर सहा वर्षं गोळ्या आणल्या. औषधवाला तारीख बघायचाही नाही. "आजींचं काम पक्कं," म्हणायचा, आणि मला बरं वाटायचं.

खालच्या मजल्यावरच्या वहिनींना झोप येईना, तेव्हा मी माझं गोळ्यांचं पाकीट त्यांना दिलं. आमच्या भिशीत कुणाची गुडघ्याची गोळी, कुणाची पित्ताची, चिवड्याच्या बशीबरोबर फिरते. वहिनी अर्धीवरून एकीवर गेल्या, मग दोनवर. एका सकाळी दूध उतू चाललं म्हणून उठल्या, झोक गेला आणि ओट्यापाशी पडल्या. खुब्याचं हाड मोडलं.

हॉस्पिटलात त्यांच्या सुनेने विचारलं, "काकू, आई काही गोळ्या घेत होत्या का? डॉक्टर विचारतायत."

भिशीतल्या एकीने माझा हात दाबला. "कशाला बोलता? पडायचं वयच आहे."

मी गोळीचं नाव सांगितलं, आणि ती कुणी दिली तेही.

मग त्याच डॉक्टरांना माझं सांगितलं. म्हणाले, "एकदम बंद करू नका, तेही धोक्याचं आहे." आता ते सांगतात तसा माझा गोळीचा तुकडा हळूहळू लहान होतो आहे. हात थरथरतात. कामवाल्या बाईंशी दोनदा भांडले, दोनदा माफी मागितली. याला सवय म्हणावं, असं तुझ्या बाबांना वाटतं. मी व्यसन म्हणते, आणि भिशीतही मी तसंच सांगितलं. तिथल्या दोघी तेव्हापासून माझ्याशी बोलत नाहीत. न बोलू देत.

ती चिठ्ठी मी औषधाच्या दुकानातच कापली. माझी कात्री चालेना, म्हणून औषधवाल्याची मागितली.

"आजी, पुन्हा लागली तर?"

"डॉक्टर नवी लिहितील. आणि तू ती वाचशील."

काल वहिनी वॉकर घेऊन लिफ्टने वर आल्या. "डोळ्याला डोळा नाही हो. आहे का काही तुमच्याकडे?"

"पत्ते आहेत."

"तुम्ही लबाडी करता."

"करते. बसा."

तीन डाव झाले. दोघींपैकी कुणालाच झोप आली नाही. तू तुझ्या रूममेटची गोळी तिला परत दे, आणि जागं राहता येत नसेल तर मला फोन कर. मी बहुतेक जागीच असते.