धोंडांच्या खोपीतली डॉक्टरेट

शालनताई परब यांना मी प्रथम पाहिले ते एका डॉक्टरांना गप्प करताना. डिचोलीच्या आरोग्य केंद्रात परिचारिका म्हणून मी नुकतीच रुजू झाले होते. शिरगावची जत्रा होऊन गेली होती आणि पायाला जखम झालेले एक वयस्क धोंड ड्रेसिंगच्या खोलीत बसले होते. धोंड म्हणजे लईराई देवीचे व्रत पाळून जत्रेत निखाऱ्यांवरून चालणारे भक्त. या गृहस्थांना मधुमेह होता, तळव्यांची जाणीव गेली होती, आणि जखम चिघळेपर्यंत त्यांना तिचा पत्ताच नव्हता. नवे डॉक्टर त्यांच्यावर कडाडले, "विस्तवावरून चालायला सांगितलं होतं कोणी?" म्हातारबुवांनी मान खाली घातली. हातातले काम न थांबवता शालनताई म्हणाल्या, "दोतोर, आदी जखम बगया. खटलो मागीर चलवुया." डॉक्टरांनी मुकाट्याने जखम पाहिली. शिकायचे तर या बाईंच्या हाताखाली, हे मी तिथेच ठरवून टाकले.

त्या शालनताई यंदा साठ वर्षांच्या झाल्या, सेवानिवृत्त झाल्या, आणि त्यांच्या गौरवार्थ हा ग्रंथ निघतो आहे. आनंदच आहे. पण लेख मागताना समितीच्या एका सदस्यांनी मला फोनवर सुचवले, "नावाआधी डॉक्टर लावू नका हां, उगाच वाद नको." कसला वाद? कुठल्याशा हॉटेलात शाल-श्रीफळ घेऊन 'मानद डॉक्टर' होऊन आलेले महाभाग दुसऱ्या दिवशी गाडीच्या काचेवर 'डॉ.' चिकटवतात, तेव्हा कोणाच्या पोटात दुखत नाही. नोकरी सांभाळून, घर सांभाळून, वर्षानुवर्षे खपून मिळवलेल्या पदवीचाच तेवढा यांना वाद. म्हणून मी स्वच्छ अक्षरांत लिहिते: डॉ. शालन परब. पसंत नसेल तर लेख परत पाठवावा, पण 'डॉ.' कापू नये.

जत्रेनंतर असे पाय आमच्याकडे दर वर्षी येत. कारण आम्हाला ठाऊक होते, पण त्यावर इलाज नव्हता. व्रताच्या दिवसांत धोंड घराबाहेर खोपी घालून राहतात, तळीवर आंघोळ करतात, सोवळ्यात शिजवलेले तेवढेच खातात. दवाखान्यातून आलेली, कोणाकोणाच्या हातांतून गेलेली गोळी त्या सोवळ्यात कशी चालणार? ते ती निमूटपणे बंद करीत, आणि आम्ही विचारले की "घेतो" म्हणत. आमच्या रागावण्याने एकच झाले, पुढच्या वर्षीपासून लोक जखमही लपवू लागले. शालनताईंना हे सतत टोचत होते. चालू नका असे त्या कधीच म्हणाल्या नाहीत. व्रतही राहील आणि पायही राहील असे काही करता येईल का, एवढेच त्यांना शोधायचे होते.

हा प्रश्न घेऊन डॉक्टरेट करायचे त्यांनी मनावर घेतले तेव्हा त्यांची चाळिशी उलटली होती. वाटा दोन होत्या. एक, विद्यापीठातली नेहमीची पीएचडी. विषयाच्या ज्ञानात नवी भर घालायची, सिद्धान्तात आणि संशोधनपद्धतीत पुरते बुडायचे, आणि शालनताईंच्या बाबतीत त्यासाठी लांब रजा घेऊन केंद्राबाहेर राहायचे. तिच्या जोरावर परिचर्या महाविद्यालयात शिकवायला मिळते, आणि मुलींना शिकवणे हे त्यांचे फार जुने स्वप्न होते. दुसरी, व्यावसायिक डॉक्टरेट. काम सोडायचे नाही. कामातलाच एक अडलेला प्रश्न घ्यायचा, त्यावर उपाय करून पाहायचा, आणि तो का चालला किंवा का फसला हे पुराव्यानिशी मांडायचे. वाचन तेवढेच, परीक्षकही तेवढेच कडक. पण महाविद्यालयाच्या जाहिरातीत त्या पदवीचे नाव नसते.

शालनताई आधी पीएचडीसाठीच गेल्या होत्या, हे मुद्दाम सांगते. कारण "परबबाईंनी सोपी वाट धरली" असे नाक मुरडून म्हणणारे अजून भेटतात. पणजीला एका प्राध्यापकांनी त्यांचे सगळे ऐकून घेतले आणि म्हणाले, "धोंड हा समाजशास्त्राचा विषय झाला. तुम्ही परिचारिकांच्या ताणतणावावर एक प्रश्नावली करा, लवकर सुटाल." शालनताईंनी उत्तर दिले, "माका सुटूक नाका, सर. माका ते पाय वाचवूक जाय." पीएचडी वाईट, असे माझे मुळीच म्हणणे नाही. ज्यांचा प्रश्न ग्रंथालयात आणि प्रयोगशाळेत सुटतो त्यांनी ती जरूर करावी. शालनताईंचा प्रश्न शिरगावात होता, आणि तो रजेवर जाऊन सुटणारा नव्हता. त्यांनी राज्याबाहेरच्या एका विद्यापीठात व्यावसायिक डॉक्टरेटला नाव घातले आणि सुट्ट्यांमध्ये तिथले वर्ग केले.

पहिल्या वर्षी त्या फसल्या. ड्यूटी संपवून तशाच, गणवेशात, गोळ्यांची पिशवी घेऊन खोपींकडे निघाल्या. लांबूनच आवाज आला, "सिस्टर, थंयच रावा. आमी सोवळ्यात आसांव." त्या तिथूनच परतल्या, आणि ही फजिती झाकून न ठेवता प्रबंधात एक अख्खे प्रकरण करून मांडली. पुढच्या वर्षी व्रत सुरू व्हायच्या कितीतरी आधी त्या जाणत्या धोंडांच्या घरी गेल्या. उपदेश केला नाही. "गोळी सोवळ्यात कशी बसयतले, तां तुमीच सांगा," म्हणाल्या. तोड धोंडांनीच काढली. औषधे व्रताआधीच जाणत्याच्या ताब्यात द्यायची, त्याने ती आंघोळीनंतर, आपणच भरून आणलेल्या पाण्याबरोबर ज्याची त्याला द्यायची. आणि तळीतून वर आले की प्रत्येकाने शेजारच्याचे तळवे बघायचे, कारण बधिर तळव्याची जखम ज्याची त्याला कळत नाही. जखम दिसली तर जाणताच सांगायचा, "औंदा तू लांबसून हात जोड." आमच्या तोंडून हे कोणी ऐकून घेतले नसते. त्यांच्यातल्याच माणसाचे ऐकले, आणि आमच्या खोलीत येणारे तसले पाय हळूहळू कमी झाले.

त्यांच्या मायेचे किस्से पुष्कळ आहेत, एकच सांगते. बेळगावकडून बांधकामावर आलेली एक बाळंतीण आमच्याकडे होती. तिला आमचे बोलणे कळेना, आमच्या तरुण परिचारिका तिच्यावर वैतागत. शालनताई केंद्रासमोरच्या चहावाल्याकडे गेल्या, तो तिकडचाच. दुखते कुठे, दूध येते का, जेवलीस का, एवढे कानडीत त्याच्याकडून घोकून आल्या. त्यांचे उच्चार ऐकून ती बाई पोट धरून हसली, आणि मग सगळे सांगू लागली.

पदवी मिळाल्यावर एका परिचर्या महाविद्यालयात जागा निघाली. शालनताईंनी अर्ज केला, मुलाखतीला बोलावणेही आले. नवी साडी नेसून, प्रबंधाची प्रत घेऊन त्या गेल्या. आत विचारले गेले ते एवढेच.

"ही पीएचडी आहे का?"

"नाही. व्यावसायिक डॉक्टरेट आहे."

"मग पुढे बोलण्यात अर्थ नाही."

प्रबंध कशावर आहे, हे कोणी विचारले नाही. प्रत कोणी उघडली नाही. ज्या बाईंनी आमच्यासारख्या कितीतरी जणींना पट्टी बांधण्यापासून माणसाशी बोलण्यापर्यंत सगळे शिकवले, त्यांना शिकवायला अपात्र ठरवायला या मंडळींना चहा निवण्याइतकाही वेळ लागला नाही. नियम असतात, मान्य. पण नियमामागे तोंड लपवून समोरच्या माणसाचे काम बघायचेच नाही, याला मी उद्दामपणा म्हणते.

या ग्रंथातले इतर लेख शालनताईंच्या शांतपणाची स्तुती करणार, हे मला छापायच्या आधीच ठाऊक आहे. "त्यांनी कधी तक्रार केली नाही" हे वाक्य तर ठरलेलेच. त्या सर्वांसाठी पुढचे लिहिते, आणि ते त्यांची परवानगी घेऊन लिहिते.

मी आता पेडण्यात, मोरजीच्या बाजूला काम करते. मध्यंतरी डॉक्टरेटचे माझ्याही मनात आले आणि मी शालनताईंच्या घरी गेले. म्हटले, "ताई, मी पीएचडीच करते. दाखवतेच त्यांना."

"रागान अभ्यास जायना गो. तुजो प्रश्न कितें, तो सांग."

मी सांगितला. पर्यटनाच्या हंगामात किनाऱ्यावरच्या शॅकमध्ये आणि हॉटेलांत राबणाऱ्या आया तान्ह्या बाळांचे अंगावरचे दूध लवकर तोडतात. कामाच्या वेळा सांभाळून ते चालू कसे ठेवायचे, हे त्यांना कोणी सांगत नाही.

"मगे? ह्या बायलांक सोडून तूं रजेर वतली?"

"पण दार बंद होईल, ताई. तुमचं झालं तसं."

त्या म्हणाल्या, "जातलां बंद. माका खूब वायट दिसलां गो. घरा येवन न्हाणयेत रडल्यें. कोणाक सांगूक ना."

हा तुमचा शांतपणा. दाराला आतून कडी लावून, नळ सोडून रडलेला अपमान तो. त्याला सहनशीलतेचे गोंडस नाव देऊन त्यावर शाल पांघरवू नका. गौरव करायचाच असेल, तर त्यांच्यावर अन्याय झाला हे आधी मोठ्याने म्हणा.

मी व्यावसायिक डॉक्टरेटलाच नाव घातले आहे. तो नियम अजून तसाच आहे, आणि पदवी हातात आली की मी त्याच महाविद्यालयात अर्ज करणार आहे. म्हणून लईराईकडे आणि आमच्या पेडण्याच्या भगवतीकडे माझे मागणे आहे: डॉ. शालन परब यांना उदंड आयुष्य लाभो, त्यांची प्रकृती ठणठणीत राहो, गुडघे दुखू नयेत. कारण त्या मुलाखतीला मला त्या माझ्याबरोबर हव्या आहेत. पुन्हा नकार आलाच, तर या वेळी घरी येऊन न्हाणीत रडायचे नाही. रडायचे तर दोघींनी तिथेच, त्यांच्यासमोर, मोठ्याने.