दोन ठोक्यांचा दिवा

काकांचा बंद दिव्यावर विश्वास नव्हता. सगळेच त्यांना काका म्हणत. दिग्रसच्या जिनिंगमध्ये, म्हणजे कापसातून सरकी काढायच्या कारखान्यात, ते यंत्रं सांभाळायचे, मी ऑफिस. तिथल्या खडखडाटात घंटा ऐकू येत नसे. म्हणून कापसाच्या गंजीत आतून ऊब धरली की आग लागायच्या आत कळावं यासाठी त्यांनी ऑफिसच्या जुन्या लॅपटॉपला ऊब मोजणारी एक तार जोडली होती. तिचं दुसरं टोक गंजीच्या पोटात. कापसाला भाव नव्हता, गंज्या महिनोन्‌महिने पडून राहत, आणि मालक नवी यंत्रणा घेणार नव्हता.

लॅपटॉपवरचा कॅप्स लॉकचा हिरवा दिवा त्यांनी आपल्या ताब्यात घेतला. त्यासाठी लिनक्सच्या गाभ्यात, म्हणजे कर्नलमध्ये, बसणारा छोटासा ड्रायव्हर स्वतः लिहिला. सगळं ठीक असलं की दिवा काळजासारखे दोन ठोके द्यायचा, थांबायचा, पुन्हा दोन. ऊब वाढली किंवा तार तुटली की ठोके बंद.

"काका, तुमचं कंपुटर मले डोळा मारून राह्यलं," कापूस निवडणारी शांताबाई म्हणायची.

"मारू दे. जिवंत आहे म्हणून मारते," काका म्हणायचे. मला मात्र बजावून सांगायचे, "भाऊ, बंद दिवा काहीच सांगत नाही. ठीक आहे हे बी नाही अन् बिघडलं हे बी नाही."

मला त्या मिचकण्याचा त्रास व्हायचा. ते केळापूरला लग्नाला गेले, तेव्हा मी ठोके काढून टाकले. धोका असेल तरच दिवा लागावा, एरवी बंद, असं करून ठेवलं. मला शहाणपणाचं वाटलं. मग सवयीने लॅपटॉप अपडेटही केला. कर्नल बदलला की काकांचा ड्रायव्हर नव्याने बांधावा लागतो, हे त्यांनी मला दोनदा सांगितलं होतं. मी तो बांधला नाही, त्यामुळे तो चढलाच नाही. तीन दिवस दिवा बंद होता आणि मी निवांत होतो.

चौथ्या दिवशी दुपारी गंजीने पेट घेतला. शांताबाईचे दोन्ही हात भाजले. ती पुन्हा कापूस निवडू शकली नाही.

"हे यंत्र कोणाचं?" काका परतल्यावर मालकाने विचारलं.

"माझं," काका म्हणाले. तोवर त्यांनी लॅपटॉप उघडून पाहिला होता. मी केलेला बदल तारखेसकट तिथे होता. त्यांनी माझ्याकडे पाहिलं. मी खाली पाहिलं. त्यांना त्याच दिवशी काढलं.

फाटकापाशी ते एवढंच म्हणाले, "दिवा तुमी बदलला, त्याचं काही नाही. पण बंद दिसल्यावर निवांत कसे बसले, ते मले समजलं नाही."

पुढे त्यांनी यवतमाळजवळ लोहाऱ्याला दुरुस्तीचं दुकान टाकलं. एकटेच राहत. दर सोमवारी माझा फोन दोनदा वाजून बंद व्हायचा. "उचलायचा नाही," असं त्यांनीच ठरवून दिलं होतं. "दोन रिंगा म्हणजे मी ठीक." त्यांनी माझ्याशी संबंध का ठेवला, हे विचारायची माझी हिंमत झाली नाही. मालकाला खरं सांगायची तर कधीच झाली नाही.

मग एका सोमवारी रिंग आली नाही. पुढच्याही नाही. कामात असतील, म्हटलं.

दीड महिन्याने लोहाऱ्याला गेलो. शटर ओढलेलं होतं. शेजारचा सायकलवाला म्हणाला, "वारले ते. मागच्या खोलीत कितीक दिवस तापानं पडून होते. दुकान बंद दिसलं, आमाले वाटलं गावाले गेले असतील."

मलाही तसंच वाटलं होतं.