बोंबलांशेजारी वाळणारे रॉड

माहीमच्या किनाऱ्यावर बांबूंच्या मांडवावर बोंबील वाळत होते आणि त्यांच्याच ओळीत माझे वेल्डिंग रॉड.

भर दुपार. समुद्र, मासळी, रॉड सगळं एकाच पांढुरक्या उजेडात विरघळलेलं. खरं सांगते, फार सुंदर दिसत होतं. मी बघतच राहिले. मग एक रॉड उचलला आणि वेल्डरला हाक मारली.

मी इथून जवळच्याच बोईसरच्या एका ऑफिसात स्ट्रक्चरल डिझायनर आहे. मासळी विकणाऱ्या बायकांसाठी इथे लोखंडी शेड उभी राहत होती. ड्रॉइंगवर मी रॉडचा नंबर लिहिला होता, E7018. सत्तर हा ताकदीचा आकडा. त्याचं वेल्ड चौरस इंचाला सत्तर हजार पौंडांची ओढ सोसतं. अठरावरून रॉडवरचं लेपण कळतं. खांबांच्या पायाच्या प्लेटा जाड, म्हणून अठराच हवा. पण हे लेपण कोरडंठाक लागतं. ओल राहिली तर त्यातला हायड्रोजन वेल्डमध्ये शिरतो आणि एक-दोन दिवसांनी, सगळे निर्धास्त झाल्यावर, तडा जातो. म्हणून रॉड ओव्हनमध्ये साडेतीनशे डिग्रीला भाजून घेतात.

"ओव्हन कुठनं आणू, मॅडम?" हरेश्वर म्हणाला. आमचा वेल्डर, इथल्याच कोळीवाड्यातला. "दोन दिस कडक ऊन दिलाय. आमी म्हावरा असाच सुकवतो. कदी खराब झाला नाय."

"या रॉडने काय काय जोडलंत?"

"चारी खांबांचे पाय." त्याने शेडकडे हात केला. "माझी आय बसनार हाय या शेडखाली. मी हात राखून काम नाय केला."

दोन दिवस वाट पाहिली. मग जोडांवर लाल डाय मारली, पुसली, वर पांढरी पावडर फवारली. तडा असला तर त्यात मुरलेला लाल रंग वर येतो. तीन पाय स्वच्छ निघाले. चौथ्यावर केसाएवढी लाल रेघ हळूहळू उमटली. हरेश्वर तिच्यासमोर उकिडवा बसून राहिला. मला त्याच्याकडे बघवेना.

तडा कळल्यावर ऑफिसातून सरांचा फोन आला. "वेल्डर बदल. रिपोर्टमध्ये त्याचं नाव टाक."

"सर, रॉडचा नंबर मी लिहिला. भाजण्याचं मी लिहिलं नाही. साइटवर ओव्हन आहे का, तेही विचारलं नाही."

"मग काय तुझं नाव टाकायचं?"

"टाका."

बोईसरहून ओव्हन आला. चारही जोड कापून काढले, कारण रॉड तेच होते. पुन्हा वेल्डिंग हरेश्वरनेच केलं. दोन दिवसांनी पावडर पांढरी ती पांढरीच राहिली.

आता माझ्या प्रत्येक ड्रॉइंगवर नंबरखाली एक ओळ असते: रॉड ओव्हनमध्ये भाजावेत, ऊन चालणार नाही. ड्रॉइंगवर उन्हाचं काय काम, म्हणत सर दर वेळी शेवटचे तीन शब्द खोडतात. मी पुन्हा लिहिते. चौथ्या खांबाला पाठ टेकून हरेश्वरची आई मासळी विकते.