दहापैकी अकरा

माझ्या आत्याचं रेटिंग कमी नव्हतं.

मागच्या वर्षी ती गेली त्या दिवशी मी इथेच, या पेजवर लिहिलं होतं, "रेटिंग घसरलं म्हणून नोकरी गेली, तरी आत्या हसत राहिली."
हसत राहिली, एवढंच खरं.

आज तिचं वर्षश्राद्ध. जेवायला तिच्या जुन्या टीममधल्या शोभाक्का आल्या होत्या. मूळच्या बेळगावच्या. चप्पल काढता काढताच मला धरलं.

"काय लिहिलीस गं ते? टीममध्ये सगळ्यात वरचं रेटिंग तिचंच होतं की! प्रोजेक्टच बंद केलेत. तिला काढलेत, मला काढलेत, रेटिंग देणाऱ्या मॅनेजरला पण काढलेत!"

आत्याने मला कारण सांगितलंच नव्हतं. त्या दिवशी ती डेस्कवरचा मनी प्लांट मांडीवर घेऊन ऑटोने घरी आली आणि म्हणाली, "काढलं मला. चल, डोसा खाऊ."

कारण मीच ठरवलं. चांगलं काम करणाऱ्याला काढत नाहीत, हे खरं असावं, असं मला वाटत होतं.

पहिली-दुसरी मी घरीच शिकले, आत्याकडे. ती मार्क द्यायचीच नाही. एकदा मी रडून मागितले, तर तिने पाटीवर दहापैकी अकरा लिहिले.

"असं नसतं!"
"बरं, मग तूच दे."

मी स्वतःला सात दिले. हातचा विसरले होते ना.
ती इतकी हसली की तव्यावरची पोळी करपली.

मी अजून तशीच आहे. आमच्या ऑफिसातही सध्या लोकांना काढतायत. माझं रेटिंग उत्तम, तरी मी तापातसुद्धा लॉगिन करते. बेळ्ळंदूर भागातल्या एका कंपनीचा इंटरव्ह्यू दोनदा पुढे ढकलला. का? रजा घेतली तर रेटिंग खाली येईल!

शोभाक्कांना हे सांगितलं.

"तुझी आत्या सगळ्यात वर, मी सगळ्यात खाली. दोघी एकाच मीटिंगमध्ये गेलो. आता स्वल्प खीर वाढ."

खीर वाढली. हात पुसले आणि फोनवरून रजा टाकली. कारण लिहिलं, 'वैयक्तिक'. ताप लिहिला असता तर खोटं झालं असतं.

आत्या, दहापैकी अकरा देणारी तू एकटीच होतीस. मनापासून नमस्कार.

इंटरव्ह्यूला जातेय. येत्या गुरुवारी.